मात्रा आणि माणूस : क्षयरोगाच्या उपचारांची दुसरी बाजू

१९४८ चा फेब्रुवारी महिना. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात एरिक ब्लेअर नावाचा चव्वेचाळीस वर्षांचा क्षयरोगी उपचार घेत होता. जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, पेशा लेखनाचा, टोपणनाव जॉर्ज ऑर्वेल. ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचा पहिला खर्डा लिहून झाला होता आणि तो पक्का करण्याइतके आयुष्य मिळावे, एवढीच त्याची इच्छा होती. क्षयाच्या जंतूवर खरोखर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्या वेळी ब्रिटनमध्ये सहजासहजी मिळत नव्हते. ऑर्वेलचे संपादक मित्र डेव्हिड अ‍ॅस्टर यांनी ते अमेरिकेतून मिळवले; त्यासाठी थेट आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्यापर्यंत जावे लागले. इंजेक्शने सुरू झाली आणि प्रकृतीला उतार पडू लागला. मग अंगाची कातडी लाल होऊन सोलू लागली, तोंडात आणि घशात फोड आले, केस गळाले, नखे मुळापासून खराब झाली. सुमारे पन्नास दिवसांनी इंजेक्शने थांबवावी लागली आणि उरलेले औषध दुसऱ्या रुग्णांच्या कामी आले. ऑर्वेलने कादंबरी पूर्ण केली. पण जानेवारी १९५० मध्ये फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटून तो गेला.

औषध लागू पडत होते, पण त्या माणसाला ते सोसत नव्हते. क्षयरोगाच्या उपचारांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो. औषध शोधणाऱ्यांविषयी आपण वाचतो. ते सोसणाऱ्यांविषयी फारसे लिहिले जात नाही.

मी एकतीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवले. दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे औषध आणि उजवीकडे दुष्परिणाम. आयसोनियाझिडसमोर ‘हातापायांच्या मज्जातंतूंचा दाह’ असे मी किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. आणि तरीही, माझ्या थोरल्या बहिणीला तोच त्रास झाला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. या लेखाचे खरे कारण ते आहे. पण आधी विषय समजून घेऊ.

दुष्परिणामांच्या दोन जाती

फुप्फुसाच्या साध्या क्षयासाठी आज चार औषधे वापरतात : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिले दोन महिने चारही आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन, असा क्रम आहे. सहा महिने, रोज. कारण क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो आणि त्यातले काही जंतू निपचित पडून राहतात. तापाची गोळी तीन दिवस घेऊन सोडावी, तसे इथे चालत नाही. इतके महिने इतकी औषधे एका शरीरात जाणार, तर ती फक्त जंतूलाच भेटतील असे होत नाही.

दुष्परिणाम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार मात्रेशी बांधलेला. औषध रक्तात जितके जास्त आणि जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. असा परिणाम कोणाला होण्याची शक्यता जास्त आहे, हे बरेचसे आधी सांगता येते. दुसरा प्रकार शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या बंडाचा. तो मात्रेचा फारसा हिशेब ठेवत नाही आणि सहसा आधी कळत नाही. ऑर्वेलच्या कातडीचे झाले ते या दुसऱ्या जातीचे.

या दुसऱ्या जातीतही कधी कधी जोखीम ओळखता येते. थायासिटाझोन नावाचे एक अतिशय स्वस्त औषध गरीब देशांत अनेक वर्षे वापरात होते. एचआयव्हीची साथ आल्यावर आफ्रिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की एचआयव्हीबाधित क्षयरोग्यांमध्ये या औषधाने कातडी सोलून निघते आणि काही जण दगावतातही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरले. औषध तेच होते, त्याची मात्रा तीच होती. बदलले होते ते शरीर. ‘जोखीम घटक’ या शब्दाचा अर्थ एवढाच : हे औषध कोणत्या शरीरात शिरते आहे?

तांबडी लघवी आणि पिवळे डोळे

रुग्णाला सर्वांत आधी घाबरवतो तो एक निरुपद्रवी परिणाम. रिफाम्पिसिन हे औषध विटकरी रंगाचे आहे. पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच लघवी तांबूस नारिंगी होते. घामाला, अश्रूंनाही तीच छटा येते. ‘रक्त जातंय’ असे समजून औषध सोडणारे लोक मी पाहिले आहेत. हा फक्त रंग आहे, औषध पोटात गेल्याची पावती आहे, एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर ते सुटले नसते.

पण लघवीचा दुसराही एक गडद रंग असतो आणि तो मात्र गंभीर असतो. चारपैकी तीन औषधे, म्हणजे इथाम्ब्युटॉल सोडून बाकीची सगळी, यकृताला त्रास देऊ शकतात. सुरुवात काविळीने होत नाही. आधी अन्नावरची वासना उडते, मळमळते, उलट्या होतात, उजव्या बरगडीखाली दुखते, कमालीचा थकवा येतो. मग लघवी काळ्या चहासारखी होते आणि डोळे पिवळे दिसतात. बहुतेकदा हे पहिल्या दोन महिन्यांत घडते. पहिल्या दिवसापासूनचा तांबडा रंग आणि भूक मेल्यानंतर आलेला काळपट रंग, यातला फरक रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा.

आयसोनियाझिडने यकृत बिघडू शकते, हे जगाला ठळकपणे कळले ते वॉशिंग्टनमध्ये. १९७० साली तिथल्या कॅपिटल हिल भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांमध्ये क्षयाचा प्रादुर्भाव आढळला, म्हणून २,३२१ जणांना प्रतिबंधक उपाय म्हणून आयसोनियाझिड देण्यात आले. ही माणसे आजारी नव्हती, रोज कामावर जात होती. त्यांपैकी १९ जणांना यकृताचा आजार झाला आणि दोघे दगावले. पुढे अमेरिकेच्या आरोग्य खात्याने तेरा हजारांहून अधिक लोकांवर नजर ठेवून अभ्यास केला. त्यात वयाचा संबंध स्पष्ट दिसला : विशीच्या आत हा त्रास जवळजवळ नाही, पन्नाशीनंतर शंभरात दोघांच्या आसपास. रोज दारू घेणाऱ्यांत प्रमाण आणखी जास्त.

आज यकृताच्या बाबतीतले जोखीम घटक बऱ्यापैकी माहीत आहेत : वाढते वय, कुपोषण, दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, आधीपासूनचा यकृताचा आजार. अनेक अभ्यासांत स्त्रियांमध्येही प्रमाण जास्त आढळले आहे. पण एक खुलासा महत्त्वाचा आहे. आयसोनियाझिड घेणाऱ्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकांच्या रक्तात यकृताच्या एन्झाइमांचे प्रमाण थोडे वाढते आणि औषध चालू असतानाच आपोआप खाली येते. यकृत जुळवून घेते. म्हणून अहवालातला प्रत्येक वाढलेला आकडा पाहून औषध थांबवत नाहीत. लक्षणे असतील तर सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वाढ आणि लक्षणे नसतील तर पाचपटीहून वाढ, अशी थांबण्याची रेषा ठरलेली आहे. थांबल्यावरही उपचार संपत नाहीत. यकृत सावरले की औषधे एकेक करून, रक्त तपासत पुन्हा सुरू करतात, म्हणजे दोषी कोण ते कळते. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की माणूस आधी काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे जातो आणि त्याला क्षयाच्या गोळ्यांविषयी सांगत नाही. गोळ्या चालूच राहिल्या, तर यकृत आणखी बिघडते; परस्पर कायमच्या सोडल्या, तर क्षय परततो.

सहा तासांनंतरचे रक्त

दोन माणसांना आयसोनियाझिडची सारखीच गोळी दिली आणि सहा तासांनी त्यांचे रक्त तपासले, तर एकाच्या रक्तात औषध कितीतरी जास्त सापडू शकते. डेव्हिड प्राइस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मोजमाप करून १९६० साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा माणसांचे सरळ दोन गट पडले. एक गट औषध भराभर निकामी करणारा, दुसरा संथपणे. यकृतातल्या एका एन्झाइमचे जनुक आईवडिलांकडून कसे मिळाले, त्यावर हे ठरते. जपान्यांमध्ये संथ गटातली माणसे दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, युरोपात निम्म्याच्या पुढे आणि भारतातही साधारण तसेच. म्हणजे आपल्याकडे क्षयाच्या दवाखान्यापुढच्या रांगेत निम्मी माणसे अशी असतात की ज्यांच्या अंगात हे औषध जास्त वेळ मुरते. त्यांना ते ठाऊक नसते आणि गोळी देणाऱ्यालाही.

या शोधाचा गरीब रुग्णांच्या दृष्टीने अर्थ लावला गेला तो मद्रासमध्ये. १९५६ साली तिथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. रुग्णाला आरोग्यधामात ठेवून, सकस अन्न देऊन उपचार करणे आवश्यक आहे, की दाटीवाटीच्या वस्तीतल्या घरी राहूनही तो बरा होतो, हा या केंद्रापुढचा पहिला प्रश्न होता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगभरची आरोग्यधामे ओस पाडली : घरी राहून औषध नियमित घेणारा रुग्ण जवळजवळ तितकाच बरा होतो.

या केंद्राचे दुसरे एक काम मात्र फारसे कोणाला माहीत नसते. आयसोनियाझिडची मोठी मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांच्या पायांना मुंग्या येत, तळव्यांची आग होई, पुढे चालणे कठीण होई. मद्रासच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा हा त्रास प्रामुख्याने संथ गटातल्या रुग्णांना होत असल्याचे दिसले. आयसोनियाझिड शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाला, म्हणजे पायरिडॉक्सिनला, बांधून लघवीवाटे बाहेर काढते आणि त्याचे कामही अडवते. मज्जातंतूंना ते जीवनसत्त्व लागते. ज्याच्या आहारात ते आधीच कमी आहे, त्याची शिल्लक लवकर संपते. या जीवनसत्त्वाची अगदी छोटी मात्रा रोज दिली, तर हा त्रास टळतो, हेही त्याच केंद्राने १९६० च्या दशकात दाखवून दिले. जनुक बदलता येत नाही; पण काही पैशांची गोळी देता येते. मधुमेही, दारू पिणारे, कुपोषित, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, एचआयव्हीबाधित, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन द्यावे, असा नियमच पुढे झाला.

अक्का

हे सगळे मी वर्गात शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. २००३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, क्षय झाला. वय बावन्न, वजन अडतीस किलो, आठ वर्षांपासून मधुमेह. त्या वेळी सरकारी उपचार आठवड्यातून तीन दिवस असत आणि त्या प्रत्येक दिवशी आयसोनियाझिडची मात्रा ६०० मिलिग्रॅम असे. अठ्ठावन्न किलोच्या माणसालाही तेवढीच, अडतीस किलोच्या अक्कालाही तेवढीच.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. खोकला थांबला होता, वजन थोडे वाढले होते. बोलता बोलता म्हणाली, ‘‘पायाला मुंग्या येतात रे. रात्री तळव्यांची इतकी आग होते, की अंगावरचं पांघरूणसुद्धा पायाला नको वाटतं.’’

मी म्हणालो, ‘‘साखर वाढली असेल. तपासून घे.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या टप्प्यात आठवड्यातला पहिला डोस दवाखान्यात समोर घ्यायचा आणि बाकीचे दोन घरी, अशी पद्धत होती. रिकामे पाकीट परत आणून दाखवायचे. अक्का पाकीट नियमित परत करत होती. त्यातल्या गोळ्या परसातल्या केळीच्या आळ्यात जात होत्या. गोळी घेतली की आग वाढते, हे तिने स्वतःच्या अंगावरून ताडले होते, आणि ते बरोबर होते. शिकलेल्या भावाने ते साखरेवर ढकलले होते. मग सांगायचे कोणाला?

काही महिन्यांनी खोकला परतला, थुंकीत पुन्हा जंतू सापडले. उपचार अर्धवट सोडलेल्यांसाठी तेव्हा आठ महिन्यांचा दुसरा वर्ग होता. त्यात पहिल्या दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शने. तेच ऑर्वेलचे औषध. पन्नाशी उलटलेल्यांना त्याची मात्रा कमी देत, तशी तिलाही दिली. या खेपेला मी स्वतः जाऊन पायरिडॉक्सिनच्या गोळ्या देऊन आलो. आग हळूहळू कमी झाली. अक्का बरी झाली. पण स्ट्रेप्टोमायसिनने आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग दुखावला. दिवसा डोळ्यांच्या आधाराने ती नीट चालते. वीज गेली, की भिंत धरून चालते.

माझे उत्तर सर्वस्वी चूक नव्हते, आणि तोच त्यातला धोका होता. मधुमेहानेही पायांना मुंग्या येतात. पण मधुमेह हा आयसोनियाझिडच्या त्रासाचा जोखीम घटक आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. तिला मधुमेह आहे, एवढ्यावरून मी गोळीवरचा संशय वाढवायला हवा होता; मी तो काढून घेतला. जोखीम घटक ही सावध होण्याची खूण असते. तिचा उपयोग आपण दोष ढकलण्यासाठी करतो. ‘दारू पितो, म्हणून यकृत गेलं.’ ‘म्हातारी आहे, म्हणून चक्कर येते.’ ‘अंगात काही नाही, म्हणून अशक्तपणा.’ या तिन्ही वाक्यांतले ‘म्हणून’ चुकीच्या जागी पडले आहे. दारू पितो, म्हणून त्याचे रक्त आधी आणि वारंवार तपासायला हवे होते. म्हातारी आहे, म्हणून तिला रोज विचारायला हवे होते.

डोळे, कान आणि मन

इथाम्ब्युटॉल डोळ्याच्या मज्जातंतूवर परिणाम करू शकते. नजर अंधुक होते, तांबड्या-हिरव्यातला फरक फिका पडतो. हा परिणाम उघडपणे मात्रेशी बांधलेला आहे : किलोमागे १५ मिलिग्रॅमला साधारण एक टक्का किंवा कमी, २५ ला पाच-सहा टक्के आणि ३५ च्या पुढे गेल्यास अठरा टक्क्यांपर्यंत. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना धोका जास्त. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखण्याच्या, इशिहारा नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाट्यांनी हे लवकर कळते. वेळेवर औषध थांबवले, तर बहुतेकांची दृष्टी सुधारते.

कानाचे तसे नाही. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने आतल्या कानातल्या केसाळ पेशी मारतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. काहींना आईकडून आलेल्या एका जनुकीय बदलामुळे थोड्या मात्रेनेही बहिरेपण येते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी ही इंजेक्शने अनेक वर्षे महिनोन्‌महिने दिली गेली. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ साली उपचारांदरम्यान गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले यांचेही तेच झाले. इंजेक्शनांऐवजी पोटात घ्यायचे बेडाक्विलिन हे नवे औषध आले होते, पण महाग होते. या दोघींनी २०१९ मध्ये भारतात त्याच्या पेटंटच्या मुदतवाढीला आव्हान दिले आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. दुष्परिणाम भोगलेल्या माणसांनी पुढच्यांचा दुष्परिणाम टाळण्यासाठी दिलेला हा लढा आहे.

मनावरच्या परिणामांविषयी कोणीच विचारत नाही. सायक्लोसेरिनने काहींना टोकाचे नैराश्य येते, भास होतात. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते; औषध थांबल्यावर अनेक महिन्यांनी रंग परत येतो. वैद्यकाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब आहे. पण लग्नाच्या वयाच्या मुलीने आजार घरातच लपवला असेल, तर आरशातला तो बदल तिला उपचार सोडायला भाग पाडू शकतो.

आणि काही दुष्परिणाम शरीराच्या कोणत्याच अवयवात दिसत नाहीत. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे वेगाने मोडायला लावते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. आयसोनियाझिड घेणाऱ्याने कुप्याच्या जातीचे, नीट बर्फात न ठेवलेले मासे खाल्ले, तर तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते. श्रीलंकेतले डॉक्टर उरागोडा यांनी १९७० च्या दशकात याचे कारण दाखवले : अशा माशात हिस्टामिन साठते आणि ते मोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवते. चूक माशाची असते. पण आळ गोळीवर येतो आणि गोळी सुटते.

वजनकाटा

२०१७ पासून आपल्या कार्यक्रमात रोजचा उपचार आणि वजनाप्रमाणे गोळ्या, अशी सुधारणा झाली. चारही औषधे एकाच गोळीत असतात. २५ ते ३४ किलोला दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. अक्काच्या वेळेपेक्षा हे कितीतरी चांगले. तरीही एक साधा हिशेब करून पाहावा. एका गोळीत इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम, म्हणजे तीन गोळ्यांत ८२५. एकोणपन्नास किलोच्या माणसाला ते किलोमागे सुमारे १७ पडते, पस्तीस किलोच्या माणसाला २३ च्या पुढे. लाखो रुग्णांसाठी सोपी पद्धत हवी, तर पट्टे आखावेच लागतात. पण पट्ट्याच्या खालच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे थोडे जास्त लक्ष हवे, एवढे त्यातून कळते. आणि आपल्याकडे त्या काठावर बहुतांशी उपाशी माणसे उभी असतात.

कुपोषण हा असा जोखीम घटक आहे, की जो बदलता येतो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर धान्य, डाळ आणि दुधाची पावडर असा शिधा दिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. सरकारने २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. अन्न हेही या आजारात औषधाइतकेच मोजून द्यावे लागते.

दुष्परिणाम मोकळेपणाने मोजले, तर ते कमीही करता येतात. दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांना कठीण क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड अशी तीन औषधे देण्यात आली. नव्वद टक्के रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्क्यांना लिनेझोलिडमुळे हातापायांच्या मज्जातंतूंचा त्रास झाला. संशोधकांनी तो आकडा लपवला नाही. पुढच्या चाचणीत लिनेझोलिडची रोजची मात्रा १,२०० वरून ६०० मिलिग्रॅमवर आणून सहा महिने दिली, तेव्हा बरे होणारे तितकेच राहिले आणि त्रास २४ टक्क्यांवर आला. या तिन्हींत चौथे औषध घालून केलेला सहा महिन्यांचा उपचार २०२४ मध्ये भारतातही मान्य झाला.

आधी सांगणे

हे सारे वाचून कोणी घाबरू नये. बहुसंख्य रुग्ण मोठा त्रास न होता सहा महिने पुरे करतात. उपचार न घेण्याची किंमतही आपल्याच देशात मोजलेली आहे : बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६० च्या दशकात खेड्यांतल्या उपचाराविना राहिलेल्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा जवळजवळ निम्मे मरण पावले होते. गोळीच्या दुष्परिणामांची तुलना नेहमी या आकड्याशी करायची असते. म्हणूनच त्रास झाला, तर गोळी स्वतःहून सोडायची नाही. सांगायचे, लगेच सांगायचे. निक्षयची १८००-११-६६६६ ही मोफत मदतवाहिनी त्यासाठीही आहे.

पण ‘सांगा’ हे रुग्णाला सांगून भागत नाही; ऐकणाऱ्यालाही तयारी लागते. अक्काने सांगितले होते. भूक आहे का, पायांना मुंग्या येतात का, रंग नीट दिसतात का, कानात गुणगुणते का, झोप लागते का, हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. उपचार सुरू होण्याआधी त्याच माणसाचे वय, वजन, साखर, दारू, यकृत, मूत्रपिंड आणि चालू असलेली औषधे यांची नोंद केली, तर पाचांपैकी कोणत्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्यायचे, तेही कळते.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी फळ्यावर तिसरा रकाना आखू लागलो होतो. औषध, दुष्परिणाम आणि ‘कोणाला?’. मुले विचारत, ‘‘सर, हे परीक्षेला आहे का?’’ मी नाही म्हणायचो. अक्का आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. दिवाळीला गावी गेलो, की अंधार पडायच्या आत ती मला अंगणात पणत्या मांडायला लावते. उजेड असला, की तिला भिंत लागत नाही.